मेदपेशीतली खाली गेलेली जनुके: सोलापुरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

७ जानेवारी २०२५

यंदाच्या एम.एस्सी. प्रकल्पाचा विषय आज पक्का झाला. लठ्ठपणात चरबीच्या ऊतीत मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी शिरतात आणि तिथे काही द्रव्ये सोडतात. ती द्रव्ये शेजारच्या मेदपेशीपर्यंत पोचली की तिच्या केंद्रकातली कोणती जनुके जोरात चालू लागतात, कोणती मंदावतात आणि हे किती वेळात घडते, एवढाच आमचा प्रश्न. दोन विद्यार्थी बरोबर आहेत. मुलगी पेशीशास्त्रात रमणारी, मुलाचा हात संगणकावर चांगला बसलेला.

माणसाच्या मेदपेशी वाढवण्याची सोय आमच्याकडे नाही. आधीच्या अवस्थेतल्या पेशींपासून चरबी भरलेली मेदपेशी तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर कार्बन डायऑक्साइडचा इनक्युबेटर, निर्जंतुक खोली, आरएनए ठेवायला उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणि या सगळ्याला अखंड वीज लागते. म्हणून इतरांनी केलेल्या प्रयोगांची खुली विदा (डेटा) घेऊन ती नव्याने तपासायची असे ठरले. अमेरिकेच्या एनसीबीआय या संस्थेने २००० साली सुरू केलेल्या ‘जीन एक्स्प्रेशन ओम्निबस’ या संग्रहात अशी विदा कुणालाही विनामूल्य मिळते. हे काम मी दुय्यम मानत नाही. ज्यांनी प्रयोग केला त्यांनी एका प्रश्नासाठी वीस हजार जनुके मोजलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांकडे त्यांना वळून बघायलाही वेळ झालेला नसतो.

११ जानेवारी

पार्श्वभूमीचे वाचन. विद्यार्थ्यांना मी आधी सालांचा क्रम लावायला सांगितला, कारण या विषयात कोणती गोष्ट कधी कळली यावर बरेच अवलंबून आहे.

१९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी कोलॅजिनेज हे विकर वापरून चरबीच्या ऊतीतून मेदपेशी सुट्या करण्याची पद्धत दिली. चरबीने भरलेली पेशी हलकी असल्याने वर तरंगते आणि बाकीच्या पेशी तळाशी बसतात. तळाच्या त्या गाळात पुढे चाळीस वर्षांनी एवढे सापडेल असे तेव्हा कुणाच्या मनात आले नसेल. १९९३ साली हॉटामिस्लिगिल, शारगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवले की लठ्ठ उंदीर-घुशींच्या चरबीत टीएनएफ-अल्फा (दाहाचा निरोप देणारे एक प्रथिन) जास्त बनतो, आणि तो अडवला की इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचे जनुक शोधले आणि चरबी ही संप्रेरके सोडणारी ऊती आहे हे मान्य झाले. मग २००३. एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी सांगितले की लठ्ठपणात चरबीत मॅक्रोफेज जमतात. त्यांतल्या एका गटाच्या अंदाजानुसार बारीक माणसाच्या चरबीत या पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असते, लठ्ठ माणसात ते चाळीसच्या आसपास जाते.

म्हणजे १९९३ साली चरबीत दिसलेल्या टीएनएफचा बराचसा भाग मेदपेशीचा नव्हता, तो त्या गाळातल्या मॅक्रोफेजचा होता. दहा वर्षे ऊती एकच धरून चालले की अशी गल्लत राहते. आमच्या सगळ्या कामावर या एका गोष्टीची सावली आहे. कोणते जनुक चालू झाले यासोबत ते कोणत्या पेशीत चालू झाले, हे विचारत राहायचे.

१६ जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे आठवडाभर वर्ग विरळ. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या मार्गावरच मुलीचे घर, त्यामुळे ती आली नाही. मुलाने रात्री जागून पहिला विदासंच उतरवला. त्यात माणसाच्या मेदपेशी आहेत, काहींना मॅक्रोफेज ज्यात वाढवले त्या द्रवात, म्हणजे त्यांनी सोडलेल्या द्रव्यांसकट, ठेवलेले, काहींना साध्या द्रवात. मोजणी चार तासांनी आणि चोवीस तासांनी.

२४ जानेवारी

मोजणीला हात घालण्यापूर्वी या पेशी कुठल्या आहेत ते नीट समजून घेतले. दिवसभर हीच चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

मेदपेशी आहेत एसजीबीएस या वाणाच्या. सिम्पसन-गोलाबी-बेहमेल नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या एका अर्भकाच्या त्वचेखालच्या चरबीतून त्या मिळाल्या. जर्मनीतल्या उल्म इथल्या वाबिश यांच्या गटाने २००१ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या पेशींसारखे त्यांचे रूप बिघडलेले नसते, तरी अनेक पिढ्यांपर्यंत त्यांच्यापासून उत्तम मेदपेशी बनतात. मॅक्रोफेज बनवले आहेत टीएचपी-१ पासून. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एक वर्षाच्या मुलाच्या या पेशी जपानमध्ये १९८० साली वेगळ्या केल्या. त्यांना पीएमए हे रसायन दिले की त्या तळाला चिकटतात आणि मॅक्रोफेजसारख्या वागू लागतात.

इथे मुलीने फार चांगला प्रश्न विचारला. ‘‘मॅडम, पीएमए जर त्या द्रवात थोडं उरलं असेल, तर मेदपेशीवर परिणाम कुणाचा झाला? मॅक्रोफेजचा की पीएमएचा?’’ शंका रास्त आहे. पीएमए हे प्रोटीन कायनेज सी नावाचे विकर जागे करते आणि तिथून दाहाच्या जनुकांपर्यंत सरळ वाट जाते. म्हणून पेशी धुऊन ताजा द्रव घालून मगच द्रव्ये गोळा करावी लागतात. दुसरी गोष्ट, मॅक्रोफेजनी त्या द्रवातले ग्लुकोज खाल्लेले असते, आम्ल वाढवलेले असते. तुलनेचा द्रव नुसता बाटलीतून ओतलेला असेल तर उपासमारीचा परिणामही आपण दाहाच्या खात्यावर मांडून बसू. तो पेशींविना, पण तितकेच तास त्याच तापमानाला ठेवलेला असायला हवा.

आणखी एक बाब मी तिला वहीत मोठ्या अक्षरात लिहायला लावली. मेदपेशी घडवताना द्रवात कॉर्टिसॉल किंवा डेक्सामेथासोन आणि रोझिग्लिटाझोन घालतात. पहिली दोन दाह दाबणारीच द्रव्ये. रोझिग्लिटाझोन हे पीपीएआर-गॅमा या मेदपेशी घडवणाऱ्या नियंत्रकाला जागे करते आणि तेही दाहाच्या जनुकांना आवर घालते. म्हणजे ज्या पेशीवर आपण दाहाची परीक्षा घेणार तिला आधीच त्याविरुद्धचे औषध पाजलेले असते. प्रयोगाआधी तो द्रव काढून किती वेळ गेला, हे प्रत्येक विदासंचासाठी शोधायचे. जिथे ही माहिती दिलेली नाही तो संच घ्यायचा नाही.

३ फेब्रुवारी

गुणवत्ता तपासणी. दोन नमुन्यांची प्रत बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसत होती, तेवढे सोडता संच स्वच्छ आहे. विश्लेषण ‘आर’ या भाषेत, सूक्ष्मपट्टीच्या (मायक्रोॲरे) विदेसाठी ‘लिमा’ हे साधन.

मुलाला संख्याशास्त्रातली एक गोष्ट फळ्यावर करून दाखवली. वीस हजार जनुकांची चाचणी घेतली आणि प्रत्येकासाठी पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली, तर काहीच घडलेले नसतानाही हजारभर जनुके ‘बदललेली’ दिसणार. म्हणून बेन्यामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ साली दिलेली दुरुस्ती लावायची, आणि शिवाय बदल निदान दुप्पट किंवा निम्मा असल्याशिवाय यादीत घ्यायचे नाही.

१२ फेब्रुवारी

चार तासांची यादी हाती आली.

वाढलेल्यांच्या रांगेत अगदी वर आयएल-६, आयएल-८, सीसीएल-२, तिन्ही दाहाचे निरोप नेणारी प्रथिने. सीसीएल-२ हे मोनोसाइटना (ज्यांच्यापासून मॅक्रोफेज बनतात त्या रक्तातल्या पेशींना) बोलावणारे प्रथिन, म्हणजे मॅक्रोफेजच्या निरोपाला उत्तर म्हणून मेदपेशी आणखी मॅक्रोफेजना आवतण धाडते. हे वाचलेले होते, तरी स्वतःच्या पडद्यावर ते नाव वर आलेले बघताना दोघांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार मोलाचा वाटला.

मला स्वतःला त्याहून जास्त रस वाटला तो आयकप्पाबी-अल्फा आणि ए-२० या दाहाला आवर घालणाऱ्या दोघांत. दोन्हीही वाढलेले. टीएनएफ पेशीच्या पृष्ठावरच्या ग्राहीला चिकटला की आत आयकेके नावाचे विकर जागे होते. ते आयकप्पाबीवर फॉस्फेट लावते, आयकप्पाबी मोडला जातो आणि त्याने अडवून धरलेला एनएफ-कप्पा-बी हा जनुके चालू करणारा घटक सुटून केंद्रकात जातो. तिथे जाऊन तो जी जनुके पहिल्या तडाख्यात चालू करतो, त्यांत स्वतःलाच आवर घालणारा आयकप्पाबी असतो. दाह सुरू करतानाच पेशी तो थांबवण्याची तयारीही करते. निरोग्यात हे पुरते. निरोप थांबतच नाहीत तेव्हा पुरत नाही, आणि लठ्ठपणात ते महिनोन्महिने, वर्षानुवर्षे येत राहतात. चोवीस तासांच्या प्रयोगात ती वर्षे मावत नाहीत, याची जाणीव ठेवूनच पुढचे वाचायचे.

२० फेब्रुवारी

आज चोवीस तासांची यादी, आणि तीही खालून वाचायला सुरुवात केली.

विद्यार्थी स्वाभाविकपणे वाढलेल्या जनुकांकडे धावतात. बहुतेक लेखांत पहिली आकृतीही त्यांचीच असते. आयएल-६ शंभरपट वाढला म्हटले की डोळे विस्फारतात. पण आयएल-६ त्वचेची पेशी बनवते, रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी बनवते, मॅक्रोफेज तर बनवतेच. दाहाला उत्तर देणारी कोणतीही पेशी हेच गाणे गाणार. मेदपेशीचे म्हणून काय बिघडले ते कळायचे असेल तर कमी झालेली जनुके बघावी लागतात.

आणि ती यादी अशी आहे. ॲडिपोनेक्टिन, जे जवळजवळ फक्त मेदपेशीच बनवते आणि जे इन्सुलिनचा परिणाम वाढवते. ग्लुट-४, इन्सुलिनच्या हुकमावर ग्लुकोज आत घेणारा वाहक. लायपोप्रोटीन लायपेज, जे रक्तातल्या चरबीचे तुकडे करून ती साठवायला आत घेण्याची सोय करते. पेरिलिपिन-१, चरबीच्या थेंबाभोवतीचे राखणीचे प्रथिन. आणि या सगळ्यांच्या वर बसलेले दोन नियंत्रक, पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा. ज्या जनुकांमुळे ही पेशी मेदपेशी ठरते, नेमकी तीच खाली आली आहेत.

यातला प्रत्येक उतार शरीरात कुठे पोचतो ते मुलीने वहीत एकेक करून लिहिले. पेरिलिपिन घटले की थेंबावरची राखण सैल पडते, लायपेज विकरे आत शिरतात, मेदाम्ले रक्तात सुटतात. ती यकृतात आणि स्नायूंत जाऊन साठतात. तिथेही इन्सुलिनचे चालेनासे होते. काही मेदाम्ले मॅक्रोफेजलाच पुन्हा चेतवू शकतात. ॲडिपोनेक्टिन घटले की यकृताला मिळणारी मदत कमी होते. ग्लुट-४ कमी झाला की जेवणानंतरचे ग्लुकोज मेदपेशी घेईनाशी होते. रुग्णाच्या तपासणीच्या कागदावर हे सगळे एका ‘शुगर’च्या आकड्यात येऊन उभे राहते.

चार तासांच्या यादीत यांपैकी बरीच जनुके जेमतेम हललेली होती. म्हणजे आधी आरडाओरड आणि मग ओळख पुसली जाणे, असा क्रम दिसतो. पण मुलाचा आक्षेप बरोबर आहे. आपण मोजतो ते पेशीत शिल्लक असलेले एमआरएनए, म्हणजे जनुकावरून लिहून घेतलेल्या नकला. एखाद्या जनुकाचे लेखन पहिल्या तासातच बंद झाले असेल आणि त्याचे एमआरएनए दीर्घायुषी असेल, तर घट उशिरा दिसणार. तेव्हा ‘उशिरा घटले’ असे लिहायचे नाही, ‘घट उशिरा दिसली’ असे लिहायचे.

१ मार्च

त्याच्या आक्षेपाचे उत्तर मिळवायला गेलो आणि या प्रकल्पातली सगळ्यात सुंदर गोष्ट सापडली.

२०१५ साली डेन्मार्कच्या एका गटाने याच एसजीबीएस मेदपेशींना टीएनएफ दिला आणि एमआरएनएची शिल्लक न मोजता लेखन करणारे विकर डीएनएवर कुठे बसले आहे ते बघितले. मेदपेशीच्या ओळखीच्या जनुकांचे लेखन थोड्याच वेळात मंदावलेले होते. मग प्रश्न असा की एनएफ-कप्पा-बी त्या जनुकांवर जाऊन बसतो आणि त्यांना दाबतो का? तसे दिसत नाही. तो बसतो दाहाच्या जनुकांपाशी आणि लेखनाला लागणारे सहायक घटक तिकडे ओढून घेतो. हे सहायक पेशीत मोजकेच. मेदपेशीच्या ओळखीची जनुके मोठमोठ्या वर्धक पट्ट्यांवर, ज्यांना सुपर-एन्हान्सर म्हणतात, त्यांवर चालतात आणि तिथे हे सहायक सर्वांत जास्त गोळा झालेले असतात. ते निघून गेले की सर्वांत मोठा फटका त्यांनाच.

विद्यार्थ्यांना मी सोलापूरचेच उदाहरण दिले. गड्ड्याच्या दिवसांत शहरातले पोलीस मिरवणुकीकडे वळवतात. सात रस्ता चौकात कुणी मुद्दाम कोंडी करत नाही, पण तिथला माणूस तिकडे गेलेला असतो म्हणून ती होते. मेदपेशीत हेच होते. ॲडिपोनेक्टिनला कुणी बंद केले नाही, त्याचे कामकरी दुसरीकडे गेले.

याचा व्यवहारातला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. मेदपेशीची घटलेली जनुके एकेकटी वर आणण्याचे औषध शोधत बसण्यापेक्षा मेदपेशीकडे येणारा निरोप कमी करणे जास्त फलदायी ठरेल, असे हे यंत्रणेवरूनच सुचते. तरी ही अजून सूचनाच आहे.

९ मार्च

एमएमपी. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज, म्हणजे पेशींच्या भोवतीची जाळी कापणारी, जस्तावर चालणारी विकरे. मॅक्रोफेजच्या द्रवाने एमएमपी-१ आणि एमएमपी-३ चांगली वाढली आहेत. एमएमपी-१ कोलॅजन कापते. फुगत चाललेल्या मेदपेशीला जागा हवी असेल तर भोवतीची चौकट सैल करावी लागणार, तेव्हा यात आश्चर्य काही नाही. पण कापाकापी आणि नवी चौकट घालणे सतत चालू राहिले की ऊती तंतुमय, ताठर होते. यावर एक स्वतंत्र प्रकल्प होईल. आत्ता यादीत नोंद करून पुढे.

१९ मार्च

मॅक्रोफेजच्या द्रवात शेकडो घटक असतात. नेमका कुणाचा निरोप हे कळण्यासाठी एकेक सायटोकाइन (पेशींमधला निरोप नेणारे प्रथिन) दिलेल्या मेदपेशींचे संच शोधून शेजारी मांडले.

टीएनएफ-अल्फा आणि आयएल-१-बीटा यांचे ठसे इतके सारखे की पहिल्यांदा बघताना वेगळे करता येत नाहीत. दोन्ही एनएफ-कप्पा-बीकडे जातात. माणसाच्या अपक्व मेदपेशींवर झालेल्या कामात मॅक्रोफेजच्या द्रवातला आयएल-१-बीटा प्रतिपिंडाने निकामी केला तर आयएल-६ ची निर्मिती उतरते असे दिसले आहे. सगळे श्रेय टीएनएफला देण्याची सवय त्यामुळे सोडायला हवी. आयएल-६ चा रस्ता वेगळा, जॅक आणि स्टॅट-३ या पेशीतल्या संदेशवाहक प्रथिनांचा, आणि त्याच्या वाटेवर एसओसीएस-३ हे आवर घालणारे प्रथिन उभे राहते. ते इन्सुलिनच्या संदेशातही आडवे येते. इंटरफेरॉन-गॅमा हा मुख्यतः टी-पेशी आणि एनके पेशी या रोगप्रतिकारक पेशींकडून येणारा. त्याने स्टॅट-१ मार्फत सीएक्ससीएल-१० सारखी जनुके उठतात, जी टीएनएफच्या यादीत इतकी वर नसतात.

मॅक्रोफेजच्या द्रवाची यादी यांपैकी टीएनएफ आणि आयएल-१-बीटा यांच्याशी सर्वांत जास्त जुळते. इंटरफेरॉनचा ठसा फिका आहे. टीएचपी-१ च्या बशीत टी-पेशी नाहीत, तेव्हा तसेच व्हायला हवे. खऱ्या चरबीत त्या असतात, हा या प्रतिकृतीचा मोठा अपुरेपणा अहवालात पहिल्या पानावर जाईल.

४ एप्रिल

ऊन आत्ताच सोसवेना. दुपारी प्रयोगशाळेतले संगणक तापून मंदावतात, म्हणून काम सकाळी सात ते अकरा आणि मग संध्याकाळी.

ऊतीची विदा घ्यायची का यावर निर्णय: घ्यायची, पण वेगळ्या नियमाने. शस्त्रक्रियेत काढलेल्या चरबीच्या तुकड्यात मेदपेशी, मॅक्रोफेज, रक्तवाहिन्या सगळे मिसळलेले. लठ्ठ व्यक्तीच्या तुकड्यात ॲडिपोनेक्टिनचे एमआरएनए कमी भरले, तर प्रत्येक मेदपेशीत ते घटले की तुकड्यातला मेदपेशींचा वाटाच घटला, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. माणसाच्या चरबीत बाहेर पडणाऱ्या आयएल-६ पैकी मेदपेशींचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच असल्याचे १९९८ सालीच दाखवले गेले आहे. म्हणून एककेंद्रकी मोजणीची विदा वापरू. पक्व मेदपेशी शंभर मायक्रॉनपर्यंत मोठी आणि नाजूक, ती एकपेशी यंत्राच्या बारीक नळीतून जात नाही, फुटते. म्हणून तिचे केंद्रक काढून त्यातले आरएनए वाचतात. माणसाच्या पांढऱ्या चरबीचा असा नकाशा २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि तो खुला आहे.

१७ एप्रिल

पूर्व भागातल्या एका वाचनालयात मराठीतून व्याख्यान दिले. ऐकायला यंत्रमागावर काम केलेली मंडळी, विडी वळणाऱ्या बायका, काही शाळकरी मुले. तेलुगू घरांतले बरेच, पण प्रश्न सगळे मराठीतच.

सडसडीत बांध्याचे एक आजोबा उठले. ‘‘मॅडम, तुम्ही म्हणताय चरबी वाढली की शुगर लागते. मी जन्मभर उभ्यानं माग चालवलाय. अंगावर मास न्हाई बघा. मग मला का लागली?’’

या प्रश्नाला पुण्यात उत्तर आहे, आणि ते मला आकड्यांसकट सांगता आले याचे समाधान वाटते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ साली स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते पोटात, आतड्यांभोवती असू शकते. त्वचेखाली चरबी साठवायची ऐपत कमी असेल तर आहेत त्याच मेदपेशी फुगतात आणि उरलेली चरबी यकृताकडे वळते, अशी एक मांडणी आहे. फुगून मेलेल्या मेदपेशीभोवती मॅक्रोफेज कडे करून बसलेले सूक्ष्मदर्शकातून दिसतात. आजोबांना मी पोटाचा घेर मोजायला सांगितले आणि गोळ्या बंद न करण्याचे वचन घेतले. ते म्हणाले, ‘‘घेर मोजतो की. चादरीची लांबी-रुंदी मोजण्यात हयात गेली.’’

परत येताना विद्यार्थिनी गप्प होती. मग म्हणाली, आपण वापरतोय त्या एकाही संचात असा बारीक भारतीय माणूस नाही. ती खरे बोलली. अहवालात हे वाक्य तिच्याच शब्दांत घालणार आहे.

६ मे

शासकीय रुग्णालयातल्या एका परिचित डॉक्टरांशी लांबलचक बोलणे. ते सरळ म्हणाले, ‘‘टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं संधिवाताला आम्ही देतोच. मग मधुमेहाला का देत नाही?’’

दिली गेली आहेत. १९९६ साली मधुमेही व्यक्तींना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन बघितले. इन्सुलिनचा परिणाम सुधारला नाही. संधिवाताच्या काही रुग्णांत पुढे सुधारणा दिसली, पण त्यांच्यात दाहच मुळात खूप जास्त. आयएल-१-बीटा अडवणारे कॅनाकिनुमॅब २०१७ साली दहा हजारांहून जास्त रुग्णांत तपासले गेले. हृदयविकाराचे झटके कमी झाले, नवा मधुमेह टळला नाही. सॅलिसिलेट वर्गातल्या साल्सलेटने रक्तातल्या साखरेची सरासरी थोडी पण खरोखर उतरवली. तेव्हा बशीतल्या पेशीत जी वाट इतकी स्पष्ट दिसते ती माणसात अनेक वाटांपैकी एक आहे. रक्तातला टीएनएफ अडवला तरी ऊतीच्या आत, पेशीशेजारी पेशी, किती अडतो हाही प्रश्न आहेच.

शिवाय उलट बाजूचा पुरावा आहे. २०१४ साली उंदरांच्या मेदपेशींतच दाहाचा संदेश अडवला तेव्हा त्यांची चरबी नीट वाढू शकली नाही आणि यकृतात चरबी साठली. थोडा, वेळेपुरता दाह ऊतीला नवी मांडणी करायला लागतो. बारीक प्राण्याच्या चरबीत नियामक टी-पेशी आणि इओसिनोफिल या रोगप्रतिकारक पेशी शांतपणे राहतात आणि त्याही निरोपच देत असतात. ‘रोगप्रतिकारक पेशी चरबीत शिरल्या की बिघाड’ असे वाक्य मी मसुद्यातून काढायला लावले. कोणती पेशी, कोणता निरोप, किती काळ, हे तिन्ही लिहिल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

डॉक्टरांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेवेळी चरबीचा छोटा तुकडा मिळू शकेल असे सुचवले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाला समजेल अशा भाषेत संमती, दोन्ही लागतील. संमतिपत्र मराठी, कन्नड आणि तेलुगूत करायला सुरुवात केली.

२८ मे

अहवाल पूर्ण. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, निरोप थांबला की मेदपेशी पूर्ववत होते का?

मुलाने उत्तर दिले ते असे. बशीत टीएनएफ काढून घेतला तर दाहाची जनुके लवकर उतरतात. माणसात मात्र वजन उतरल्यावरही सगळे मागे येत नाही. २०२४ च्या शेवटी झुरिकच्या गटाने माणसांत आणि उंदरांत दाखवले की वजन कमी झाल्यानंतरही मेदपेशींची बरीच जनुके लठ्ठपणातल्यासारखीच राहतात. उंदरांच्या मेदपेशींत डीएनएभोवतीच्या प्रथिनांवरच्या रासायनिक खुणाही टिकून राहिल्या, आणि असे उंदीर पुन्हा जास्त लवकर वजन घेतात. माणसाच्या मेदपेशी दरवर्षी साधारण दहा टक्के बदलतात असे २००८ साली अणुचाचण्यांतून हवेत आलेल्या कार्बन-१४ वरून मोजले गेले. म्हणजे खुणा असलेल्या पेशी बरीच वर्षे अंगात राहणार. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढे विचारले, या खुणा आणि तुमच्या यादीतली खाली गेलेली जनुके यांचा मेळ घालून पाहिलात का? अजून नाही, असे त्याने सांगितले.

१४ जून

तो मेळ घालायला घेतला आहे. चोवीस तासांच्या यादीतल्या घटलेल्या जनुकांचा एक गट बांधून वजन उतरलेल्या व्यक्तींच्या मेदपेशी-केंद्रकांच्या विदेत तो वर आहे की खाली ते बघायचे. व्यक्तीगणिक सरासरी काढूनच, कारण एकाच माणसाची हजार केंद्रके म्हणजे हजार माणसे नव्हेत. त्वचेखालची आणि पोटातली चरबी वेगवेगळी ठेवायची.

नैतिकता समितीकडे अर्ज गेला आहे. मुलगी पुढच्या महिन्यात पुण्याला पेशीसंवर्धनाचे प्रशिक्षण घ्यायला जाईल. टीएचपी-१ पेशी तिथल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या संग्रहातून मागवता येतात. कोड आणि जनुकांच्या याद्या मराठी टिपणांसह खुल्या ठेवल्या आहेत. इतर कुठल्या महाविद्यालयाला हाच संच चालवून बघायचा असेल तर खाली गेलेल्या जनुकांच्या यादीपासून सुरुवात करा, आणि तुलनेचा द्रव कसा ठेवला होता ते आधी तपासा.